गाडी अडखळते तेव्हा

2025 साली रमजान आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये एकत्र आली. आमच्या धाकटीचं ते दहावीचं वर्ष होतं. सहेरी आटोपली की ती पुस्तक घेऊन बसायची, फजरनंतर तासभर पडायची आणि साडेनऊच्या सुमारास पॅड आणि हॉल तिकीट घेऊन दारात उभी राहायची. तिला केंद्रावर सोडणं माझं काम. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सोलापूर-पुणे महामार्गालगत. केंद्र महामार्गाच्या पलीकडे. म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकाच्या कटात थांबायचं, डावीकडून येणारी वाहनं बघायची आणि फट मिळाली की निघायचं.

गणिताच्या पेपरच्या दिवशी असाच कटात थांबलो होतो. उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. मागे बरंच अंतर मोकळं दिसलं. त्याच्याही मागे एक ट्रक होता, पण लांब. बिस्मिल्लाह म्हणून क्लच सोडला आणि रेस दिली. गाडीने घसा बसल्यासारखा आवाज काढला, पुढे एक हिसका दिला आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मी किक शोधेपर्यंत धाकटी मागून उतरली होती आणि दोन्ही हातांनी गाडी ढकलत होती. ट्रकवाला हॉर्न दाबून धरतच बाजूने निघून गेला. त्याच्या वाऱ्याने तिची ओढणी उडून माझ्या हातावर आपटली.

तिने पेपर दिला. चांगला गेला म्हणाली. घरी आल्यावर अम्मीला काही सांगितलं नाही. इफ्तारनंतर मी अंगणात गाडी पुसत होतो, तेव्हा जवळ येऊन एवढंच म्हणाली, "अब्बा, परसों से मैं रिक्षे से जाती." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

खरी गोष्ट अशी की गाडी अडखळते हे मला तीन महिन्यांपासून ठाऊक होतं. शंभर सीसीची ही फोर-स्ट्रोक गाडी माझ्या वालिदांनी 2009 मध्ये घेतलेली. ते मरहूम झाल्यापासून ती माझ्याकडे आहे. रोज शाळेत जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय, कुणाची गाडी किती ॲव्हरेज देते. माझी बावन्न देत होती. एका सहकाऱ्याची साठ. मला ते बोचायचं. शाळेच्या वाटेवरच्या एका मिस्त्रीला म्हटलं, "काही करा, पण साठच्या वर गेली पाहिजे." त्याने कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडून काहीतरी केलं, बाजूचा एक पितळी स्क्रू फिरवला, शंभर मिलीची बाटली टांगून गाडी पळवून आणली आणि म्हणाला, "घ्या सर, साठ." मी खूश. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगूनही टाकलं.

त्यानंतर चार-आठ दिवसांतच गाडी झटक्यात रेस दिली की क्षणभर दम कोंडल्यासारखी व्हायची. मी त्यावर आपला उपाय शोधला होता. मूठ हळूहळू फिरवायची, तिला चुचकारायचं. हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं की दोष आहे हेच विसरलो. पण महामार्ग ओलांडताना कुणी चुचकारत बसत नाही. तिथे हात आपोआप जोरात फिरतो आणि तिथेच नेमकी गाडी दगा देते. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही हदीस मी वर्गात कितीदा समजावून सांगितली आहे. आणि इकडे मुलीला मागे बसवून, सफरची दुआ पढून, उंट मोकळा सोडून रोज निघत होतो.

मग धावाधाव सुरू झाली. नवा प्लग टाकला. एअर फिल्टर बदलला. फरक नाही. साडूंनी सल्ला दिला की ही भंगारात काढा, आता कार्बोरेटरचा जमाना संपला, इंजेक्शनवाली नवी घ्या. सांगणं खोटं नव्हतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आहे. पण नवी गाडी म्हणजे ऐंशी-नव्वद हजार. एवढे रोख हाताशी नव्हते आणि हप्त्यावर घ्यायची तर सूद आलं. लग्नानंतर एकदाच आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं की पोट मारू, पण सूद घरात आणायचं नाही. ही म्हणाली, "जुनी आहे तीच नीट करा. नीट करणारा माणूस शोधा."

नीट करणारा माणूस कोण, हे गावात सगळेच सांगत होते. मीच तिकडे जायला टाळत होतो. पंढरपूर रस्त्याला गॅरेज असलेला हा मुलगा माझाच विद्यार्थी. नववीनंतर शाळा सुटलेला. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

असरनंतर गेलो. त्याने हात पुसून सलाम केला, स्टूल पुढे केलं. मी सांगायला लागलो, "पिकअप नाही, मिसिंग करते, प्लग बदलला." त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, कधी अडखळते? गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? हळू उघडल्यावर की झटक्यात? आणि मूठ किती फिरल्यावर?" आमचं बोलणं आमच्या दखनीत चाललं होतं, इथे मराठीत लिहितो. एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीन महिने ज्या गाडीवर बसत होतो तिच्याबद्दल मला "अडखळते" यापलीकडे काही माहीत नव्हतं.

त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा मुठीवर आणि एक शेजारच्या स्विचच्या डबीवर लावला. पेनाने खुणा केल्या. बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. म्हणाला, "दोन दिवस चालवा. महामार्गावर नको, आतल्या रस्त्याने. कुठल्या खुणेला अडखळते ते बघून ठेवा. आणि एकदा अडखळायला लागली की चोक थोडा ओढून बघा, बरी होते का आणखी बिघडते." मला गृहपाठ मिळाला होता.

त्या पट्टीमागचं शहाणपण मला नंतर कळलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल एकाच वाटेने जात नाही. मूठ बंद असताना आणि जेमतेम उघडल्यावर स्लो जेटमधून पेट्रोल येतं. त्याची हवा बाजूच्या त्या पितळी स्क्रूवर ठरते. थोडी आणखी उघडली की वर-खाली होणाऱ्या स्लाइडची एक कड कापलेली असते, तिचा परिणाम असतो. पाव ते पाऊण या पट्ट्यात निमुळती सुई, जिला ते निडल म्हणतात, तिचं राज्य. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण गाडी कुठल्या खुणेला अडखळते हे कळलं की चोर कुठल्या खोलीत आहे ते कळतं. प्लग आणि फिल्टर बदलून मी सगळ्या घराची झडती घेत होतो.

दोन दिवसांनी वहीत लिहून नेलं. थंड-गरम दोन्ही वेळी अडखळते. हळू उघडली तर नाही, झटक्यात उघडली तरच. बंदपासून पावच्या खुणेपर्यंत जास्त, पावच्या जरा पुढे थोडी. चाळीसच्या वेगाने एकसारखी चालवली तर काही तक्रार नाही. रेस सोडली तर इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नाही, रेंगाळतो. चोक अर्धा ओढला की अडखळणं जवळजवळ जातं.

शेवटची ओळ वाचून तो हसला. "भूकी है सर, गाडी." चोक ओढल्याने हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याने बरं वाटत असेल तर गाडीला पेट्रोल कमी पडत होतं. उलट चोकने आणखी गुदमरली असती तर पेट्रोल जास्त होत होतं. पैशाचंही काम नाही, हत्याराचंही नाही, आणि अर्धं निदान झालं. प्लग काढून दाखवला. टोक चुन्यासारखं पांढरं. बिस्किटाचा रंग असला तर प्रमाण ठीक, काजळी असली तर पेट्रोल जास्त, असं पांढरं असलं तर कमी.

मग झटक्यात उघडल्यावरच का? हे त्याने मला ज्या तऱ्हेने सांगितलं तसं आमच्या बीएडच्या पाठात कुणी सांगितलं असतं तर निरीक्षकांनी पूर्ण गुण दिले असते. इंजिन श्वास घेतं, तेव्हा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते. तिथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जाऊन त्याची फवार होते. मूठ एकदम फिरवली की स्लाइड उचलली जाते आणि हवा लगेच आत धावते. पेट्रोल हवेपेक्षा जड, ते मागे राहतं, आणि गळा अचानक रुंद झाल्याने ओढही क्षणभर सैल पडते. त्या क्षणी इंजिनाला नुसती हवा मिळते. मोठ्या कार्बोरेटरात अशा वेळी पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप असतो, शंभर सीसीच्या गाड्यांत सहसा नसतो. म्हणून स्लो जेटचं प्रमाण हवेच्या हिशेबात काठोकाठ ठेवत नाहीत, किंचित पेट्रोलच्या बाजूला ठेवतात. ती किंचित शिल्लक म्हणजेच पिकअप. आणि ॲव्हरेज वाढवून द्या म्हटलं की मिस्त्री पहिला हात त्या शिल्लकीलाच घालतो.

मी विचारलं, "साठ ॲव्हरेज त्यामुळेच मिळत होतं?" म्हणाला, "हां सर. गाडीच्या तोंडचा घास काढून."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, जी मला पेपरात वाचूनही कळली नव्हती. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला इथेनॉलमिश्रित पेट्रोल जास्त लागतं. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर आहे, त्या आपोआप जुळवून घेतात. जुन्या कार्बोरेटरचं भोक 2009 च्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेलं, ते आपणहून मोठं होत नाही. त्यामुळे अशा गाड्या मुळातच जरा उपाशी चालतात, त्यात आम्ही आणखी स्क्रू फिरवून घेतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी भागांना ते मानवत नाही.

पहिल्या संध्याकाळी फक्त खोलणं झालं. गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बत्ती, मोबाइल, सगळं लांब. पेट्रोलचा कॉक बंद केला, वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पेट्रोल काढलं. तळाशी तपकिरी गाळ होता. दिवाळी किंवा मेच्या सुटीत गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि असा डिंक मागे राहतो. सुटीआधी ती वाटी रिकामी करावी, एवढं साधं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

वाटीत एक फ्लोट असतो. पेट्रोल वाढलं की तो वर तरंगतो आणि त्याची टोकदार झडप पेट्रोलची वाट बंद करते, कमी झालं की पुन्हा उघडते. तो हातात घेऊन बघताना मला बगदादचे बनू मूसा आठवले. नवव्या शतकातले तीन भाऊ, ज्यांच्या 'किताबुल हियल' या ग्रंथात पाण्याची पातळी आपोआप राखणाऱ्या अशाच तरंग्यांच्या आणि शंकूच्या आकाराच्या झडपांच्या युक्त्या आहेत. मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. त्या नावांच्या मागे काय होतं ते दाखवायला संडासच्या फ्लशची टाकी उघडली तरी पुरे, पण ते करत नाही. हे मी स्वतःबद्दलच म्हणतो आहे.

स्लो जेट त्याने काढून उजेडासमोर धरला. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यातून उजेड नीट दिसत नव्हता. मी खिशातली टाचणी पुढे केली तर त्याने माझा हात धरलाच. जेट पितळेचा, मऊ. टाचणी किंवा तार घातली की भोक मोठं होतं, आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा पाइप, बस. चार वेळा फवारल्यावर भोकातून गोल उजेड दिसला.

मग पितळी स्क्रू. काढण्याआधी त्याने तो आत फिरवत नेला, मोजत. टेकेपर्यंत जवळजवळ तीन फेरे. म्हणजे स्क्रू तीन फेरे उघडा होता. "सर, यात स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे हवेचा. बाहेर काढला की हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं. ज्या गाडीत स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथे उलटं, तो पेट्रोलचा. हे न बघता फिरवणारे लय आहेत." मी वहीत लिहून घेतलं. दीड-पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास सुरुवात करायची, पुढचं कान सांगेल, असं तो म्हणाला.

आम्हाला आणखी एक सापडलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावरची ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती. तिथूनही चोरून हवा आत जात असणार. मी म्हटलं, "मग दोन्ही करून टाक, स्क्रू पण लाव पावणेदोनवर, मला उद्याच मुलीला सोडायचं आहे." तो थांबला. "सर, सगळं एकदम केलं तर बरी होईल पण कशाने बरी झाली ते कळणार नाही. मग परत बिघडली की परत सगळंच खोला." त्याने जेट साफ केला, ओ-रिंग नवी टाकली, स्क्रू मोजून पुन्हा होता तिथेच ठेवला आणि गाडी मला देऊन टाकली. दोन दिवस चालवा म्हणाला.

चालवली. रेस सोडल्यावर आवाज रेंगाळणं थांबलं. ती ओ-रिंग होती. अडखळणं निम्म्याने कमी झालं, पण होतं. या दोन दिवसांत धाकटी रिक्षेने जात होती आणि मी तिच्या रिक्षेच्या मागे काही अंतर ठेवून कटापर्यंत जात होतो. तिला ते माहीत होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा इफ्तारला अर्धा तास होता. इंजिन चांगलं गरम होतं, ते लागतंच. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग गरम झाल्यावर खोटं ठरतं. त्याने स्लोचा स्क्रू फिरवून आवाज थोडा वाढवला आणि पेचकस माझ्या हातात दिला. "तुम्ही करा. पाव-पाव फेरा. फिरवून थांबा, ऐका, मग पुढचा." मी स्क्रू पाव फेरा आत नेला. थांबलो. आणखी पाव. आवाज किंचित चढला, गुळगुळीत झाला. आणखी पाव, आणखी. एका ठिकाणी इंजिन सगळ्यात मोकळं वाजत होतं. त्याच्या पुढे नेलं तर आवाज जड झाला, घोगरा. परत आलो. ऐन आणि काफ यांचे मखरज मुलांकडून घोटून घेण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. कान तयार होता, तो इथे लावायचा असतो हे ठाऊक नव्हतं. मोकळ्या जागेपासून अगदी थोडा, अर्ध्या पावाएवढा, आत ठेवला. तीच ती शिल्लक. मग स्लो पुन्हा खाली आणला. मोजलं तर स्क्रू पावणेदोनला थोडा कमी होता.

झटक्यात रेस दिली. उठली. पण पावच्या जरा पुढे अजून एक बारीक ठेच लागत होती, माझ्या वहीतली ती "थोडी". ती सुईची हद्द. त्याने वरचं झाकण उघडून सुई काढली. तिच्या डोक्याजवळ पाच खाचा आणि एका खाचेत छोटी क्लिप. काही गाड्यांत एकच खाच असते, तिथे हा उपाय नाही. आमची क्लिप वरून दुसऱ्या खाचेत होती. त्या मिस्त्रीने झाकण उघडून काय केलं होतं ते आता कळलं. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई तेवढी वर राहते, खालचं भोक जास्त उघडं राहतं, पेट्रोल वाढतं. तिसऱ्या खाचेत बसवली.

झाकण लावेपर्यंत मगरिबची अजान झाली. गॅरेजमधल्या दोन पोरांनी पेपर अंथरला. खजूर, केळी, भजी, पाण्याचा जग. पेट्रोलचे हात साबणाने धुतले तरी वास जात नव्हता. खजूर तोंडात टाकून मी म्हणालो, कारण न बोलता आणखी एकदा उठून गेलो असतो तर परत बोललो नसतो, "तुझ्या अम्मीला मी एकदा शाळेत बोलावून सांगितलं होतं, हा शिकणाऱ्यातला नाही, कुठे तरी कामाला लावा."

"हां सर," तो म्हणाला. "मी दाराबाहेरच उभा होतो."

पुढचं वाक्य मला सुचेना. माफ कर म्हणायचं होतं, तोंडाने "चुकलो" एवढंच निघालं. त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, स्क्रू आत नेताना टेकला की थांबायचं. जोर दिला तर त्याची बसायची जागा जाते. मग कितीही फिरवा, सेट होत नाही."

नमाज पढून आल्यावर त्याने बिल सांगितलं. ओ-रिंग, क्लीनर, मजुरी मिळून तीनशे सत्तर. एक रुपया कमी केला नाही, मीही म्हटलं नाही.

आता गाडी बावन्न-त्रेपन्न देते. घरी बसून हिशेब केला. महिन्याला सातशे किलोमीटर धरले तर साठच्या ॲव्हरेजने पावणेबारा लीटरच्या आत भागायचं, आता साडेतेरा लागतं. फरक एकशे नव्वद रुपयांच्या आसपास. एकशे नव्वद रुपये. हा आकडा मी वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवला आहे, जिथे खुणा लिहिल्या होत्या. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर बावन्न सांगतो.

परीक्षा संपेपर्यंत धाकटी रिक्षेनेच गेली. मी आग्रह केला नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी तिला खालाकडे जायचं होतं, महामार्गाच्या पलीकडे. गाडी बाहेर काढली तर ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "पहले चालू करो." केली. "अब एकदम से रेस दो." दिली. गाडी उठली. "फिर से." असं पाच वेळा. मग तिने विचारलं, पट्टीवर या खुणा कसल्या. मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "बाद में," आणि मागे बसली.

कटात थांबलो. डावीकडून एक एसटी येत होती, लांब होती, मला वाटलं निघावं. मागून तिचा हात खांद्यावर आला. "रुको." एसटी गेली, तिच्या मागची जीप गेली. रस्ता पुरता मोकळा झाला तरी हात खांद्यावरच होता. मग तो उचलला गेला.

"अब चलो," ती म्हणाली.